यादीतली सीताबाई

१८ जून १९५१, सोमवार
मतदारयादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात. मला कोपरीतली मिठागरवाल्यांची आळी. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी आता चालत नाहीत. बाईचं स्वतःचं नाव हवं, नाहीतर मत रद्द. अकरा घरं, चार नावं. घसा बसला.

२० जून, बुधवार
बाळ्याची आई वाटेत भेटली, डोक्यावर हंडा.
"माजं नाव कोन घेतंय, मास्तर? बाल्याची आय लिवा."
नवऱ्याला विचारलं. तो नुसता हसला.
घरी आईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माझं हे नाव लग्नात तुझ्या वडिलांनी तांदळात अंगठीनं लिहिलं. आधीचं काय होतं, विचारलंस कधी?"
नव्हतं विचारलं. आजही नाही विचारलं.

२३ जून, शनिवार
यादी द्यायचा शेवटचा दिवस. सात जणींचे रकाने रिकामे. मीच नावं घातली. बाळ्याची आई – सीताबाई. पोराची जन्मतारीख माहीत नसली की १ जून घालतो, तसंच. मतदानाआधी एकेकीला सांगून येईन.

जानेवारी १९५२, मतदान
सहा जणींना काल सांगितलं. बाळ्याची आई मिठागरावर गेलेली. म्हटलं, सकाळी सांगू. राहिलं.
केंद्र आमच्याच शाळेत. मी रांगेवर. ती धुवट लुगडं नेसून आली. केंद्रावरच्या साहेबांनी विचारलं, "नाव?"
मग मोठ्यानं म्हणाली, "चांगुणा."
रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. नवराही.
साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "या घरात सीताबाई आहे. चांगुणा नाही. मत नाही देता येणार. चला, पुढची."
मी चार हातांवर. बोललो असतो तर खोट्या नोंदी उघड, नोकरीवर गदा. रांग सरळ करत राहिलो. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.
जाताना तिनं विचारलं, "मास्तर, मी चुकीचं बोल्ले का?"
"नाही," म्हणालो.

रविवार
दुरुस्तीचा अर्ज आणला. जुनं नाव, खरं नाव लिहिलं. 'चूक कशी झाली' हा रकाना तेवढा राहिलाय. विहिरीवर बायका तिला चांगुणा म्हणून हाक मारत होत्या. मी दुसऱ्या गल्लीनं आलो.
आईला आज सगळं सांगितलं. मग विचारलं, तुझं आधीचं नाव काय होतं.
म्हणाली, "आधी तिला सांगून ये."