बोटावरची शाई

वडीगोद्री, मतदानाचा दिवस, दिवेलागण

मी सांगते, नात राणी लिहिते. एकबी शब्द गाळू नको गं.

सकाळी मतदानाला जाताना लेकानं पढवलं, "माय, दिसत न्हाई म्हण." मी तिथल्या साहेबाला तसंच म्हणले. मंग माझ्यासंगं आत येऊन त्यानंच बटन दाबलं. शाई तेवढी माझ्या बोटाला.

आत्ता राणी अभ्यासाचं वाचून राह्यली व्हती. पूर्वी अमेरिकेत काळ्या माणसांना म्हणायचे, आधी वाचून दाखव, मंग मत दे. न्हाई आलं की हाकलायचे. तरी ती माणसं मार खाऊन परत रांगेत.

"आज्जे, तुलाबी हाकललं असतं!" राणी हसली.

मला तर कुणीच हाकललं न्हाई. मीच आंधळी झाले.

मंग गोधडी घेतली अन् सुईत दोरा एका दमात ओवला. समोर लेक बसलेला. शाईचं बोट पदराखाली घेतलं. माझं मत कुणाला गेलं, हे त्याला विचारायचीबी लाज वाटली.