शून्याची रेघ

मंगळवार, संध्याकाळ. देवास.

म्युच्युअल फंडाची घसरण मी इतके दिवस गुंतवलेल्या रकमेपासून मोजत होते. चूकच ती! आज एक्सेलमध्ये दर वेळी आधीच्या उच्चांकाला शून्य धरलं, तर आलेखाची रेघ शून्याखाली लोंबायला लागली. पीथमपूरच्या शिफ्टवरून आलेले हे ती बघून दचकले. "पोरीच्या कॉलेजचे पैसे आहेत. उद्याच निकालून टाक सगळे!"

मामंजी जवळ आले. त्यांनी नोकरीभर खातेगावकडे विहिरींचं पाणी मोजलं, नेहमी काठापासून खाली. रेघेवर बोट फिरवत म्हणाले, "ही चारदा वर येऊन काठाला लागलीय. कॉलेज कधी?"

"सहा वर्षांनी," मी म्हटलं.

"मग भर उन्हाळ्यात विहीर कशाला विकतोस रे?"

"राहू दे मग," म्हणत हे हातपाय धुवायला गेले. यंदा लागेल काठाला? कोण जाणे. पण शून्याच्या रेघेला मी 'काठ' असं नाव दिलं.