वीस मिनिटांवरची मुलगी

मंगळवार, ११ मार्च
दुपार

प्रिय मास्तरीणबाई,

आज नेमका मंगळवार आहे. हसायचं असेल तर हसून घे. तुझी तब्येत बरी असेल, भावाकडे झोप लागत असेल आणि माझ्यावरचा राग तसूभर का होईना उतरला असेल, असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाही.

इकडे सगळं ठीक. दुकान बेताचंच चाललंय. आपल्या वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर पुन्हा नंबर तपासायला आले होते. त्यांचं म्हणणं, चष्मा चुकलाय, कारण पेपरातली अक्षरं स्पष्ट दिसतात पण बातम्या पटत नाहीत. मी काच पुसून दिली, समाधानाने गेले. कुंड्यांना पाणी घालतो. एक कुंडी गेली. कुठली ते आल्यावर बघ, आत्ता सांगून भांडण वाढवत नाही.

आज मात्र दुकानाचं शटर लवकर ओढलं. मी गोदामात बसलोय, आमच्या मंगळ मंडळाच्या. तू ते एकदाच पाहिलंस, आपली भिंगरी आत गेली त्या दिवशी. तेव्हा तू नुसती दाराकडे बघत होतीस, बाकी काही तुझ्या लक्षात आलं नसेल. मंगळावर राहायच्या सरावासाठी दोन जुने कंटेनर जोडून केलेलं ते पांढरं घर गोदामाच्या मधोमध आहे. त्याच्या बाहेर भिंतीला लागून एक टेबल, एक संगणक, एक पंखा. पहाऱ्यावर जो असेल त्याने इथे बसायचं. आत महिनोन्महिने राहणाऱ्या भिंगरीसकट चौघांशी बोलायचं ते फक्त संगणकावरून, आणि निरोप संगणक वीस मिनिटं अडवून धरतो. मंगळ लांब असतो तेव्हा खरोखरच इतका वेळ लागतो. म्हणजे मी विचारायचं, वीस मिनिटांनी ते त्यांना मिळणार, त्यांचं उत्तर पुन्हा वीस मिनिटांनी मला. पंखा जोरात लावून ठेवायचा, आतला आवाज कानावर पडू नये म्हणून. हा नियम माझाच. पत्रा केवढासा, पण आम्ही तो कोट्यवधी मैलांचा मानतो.

तू म्हणशील, पोरखेळ. म्हण. "घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं" हे तू मला इतक्यांदा ऐकवलंयस, की मी भाषणात तुझ्या नावावर ते सांगतो आणि लोक टाळ्या तुलाच वाजवतात. पण आज जरा शांतपणे ऐक. मंगळावर नुसती यंत्रं पाठवून भागत नाही. इथून हुकूम सोडायचा, तो पोचेपर्यंत चाक वाळूत रुतलेलं असतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिथे माणूस असेल तर तो वाकून दगड उचलेल, उलटा करून बघेल, त्याच्या मनात येईल म्हणून चार पावलं भलतीकडे जाईल, आणि सगळे शोध त्या भलत्या चार पावलांतच लागलेत. दुसरं, आपली सगळी माणसं, तुझे विद्यार्थी, माझी गिऱ्हाइकं, सगळी एकाच घरात, या एका पृथ्वीवर राहतात. दिवा जळत असतो तोवरच त्याच्यावरून दुसरा लावून घ्यायचा असतो. विझल्यावर काय घेणार? तिथे श्वासाची हवासुद्धा करून घ्यावी लागेल, मान्य. पण जिथे हवा फुकट नाही तिथे माणूस ती वाया घालवणार नाही, आणि ते शिकून आला तर इथलीही नीट वापरेल.

हे सगळं मी शेकडो लोकांपुढे बोललोय. प्रत्येक वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारतंच, "स्वतःच्या मुलीला पाठवाल का?" मी छाती पुढे काढून "हो" म्हणत आलोय. भिंगरी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ते "हो" ऐकत आली.

घड्याळाकडे बघतोय. अजून वेळ आहे.

कसला वेळ, ते सांगतो. तिने तुला सांगू नका म्हटलंय, पण सांगतो. कालपासून तिच्या पोटात दुखतंय. आधी बेंबीशी दुखत होतं, रात्रीतून उजवीकडे खाली सरकलं. ताप आहे. आत डॉक्टर म्हणून आपले गुरांचे डॉक्टर आहेत, तू त्यांना ओळखतेस, शांत माणूस. त्यांना अपेंडिक्सची शंका आहे. त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलंय. मंगळावर तेवढंच करता येईल, आणि बऱ्याच जणांना तेवढ्याने उतारही पडतो. भिंगरीचा निरोप आला, "बाबा, दार उघडू नका. उघडलं की चौघांचे सगळे महिने पाण्यात. मी सहन करते."

दाराला कुलूप नाही. कधीच नव्हतं. आतूनही उघडतं, बाहेरूनही उघडतं. वर एक कागदी पट्टी चिकटवलीय आणि एक नियम आहे, की उघडलं की प्रयोग संपला. उघडायचं की नाही, हे पहाऱ्यावरच्याने ठरवायचं. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर मला विचारलंस, "काही झालं तर उघडाल ना?" आणि मी म्हटलं, "नियमाप्रमाणे होईल." दुसऱ्या सकाळी तू बॅग भरलीस.

मंडळात एक सर्जन आहेत, त्यांना मी सकाळी फोन केला. ते म्हणाले, "माझी मुलगी असती तर मी आत्ता आणली असती. पण तुमचं काय ते तुम्ही बघा. ताप चढला, पोट कडक लागायला लागलं, किंवा दुखणं एकाएकी थांबलं, तर मग एक क्षण थांबू नका." फोन ठेवला आणि मी आणली नाही. आत्ता दुपारी इथे बसल्यावर आत विचारलं, पोट कडक आहे का? तो निरोप पोचायचा होता, उत्तर यायचं होतं. ते येईपर्यंत हातावर हात धरून बसवेना, म्हणून तुला हे लिहायला घेतलं.  

आता एक नियम मोडतोय. पंखा बंद केला.

पत्र्याला कान लावला. आधी काही नाही, मग भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग, अगं, ती हसली! भिंगरीच. तिचं ते नाकातून फुस्स करून येणारं हसू, तू कितीदा दटावलंयस त्यावरून तिला. मग काहीतरी म्हणाली, शब्द कळले नाहीत, पण आवाज खणखणीत. मास्तरीणबाई, ती हसतेय! औषध लागू पडलं. माझा जीव भांड्यात पडला. आता हे सगळं तुला कळवायचीसुद्धा गरज नाही, वाटल्यास पत्र फाडून टाकीन. ती बाहेर आली की तिच्याच तोंडून ऐक. मी तिला म्हणणार आहे, तू मंडळाचं नाक वर ठेवलंस. पोस्टमास्तरांनाही सांगणार, ही बातमी पटेल त्यांना.

पाणी प्यायलो. पंखा पुन्हा लावला. तुला आठवतं, दुकानातल्या दुर्बिणीतून तिने पहिल्यांदा मंगळ पाहिला तेव्हा "एवढुसाच?" म्हणाली होती? मला वाईट वाटलं होतं आणि तू पोट धरून हसली होतीस.

निरोप आलाय. वाचतो.

"बाबा, पोट कडक आहे का ते डॉक्टर बघतच होते, तेवढ्यात दुखायचं थांबलंच. एकदम. बटण बंद केल्यासारखं. मस्त वाटतंय. आता तरी निश्चिंत"

संध्याकाळ, हॉस्पिटल

ते वाक्य मी पुरतं वाचलंही नाही. पट्टी फाडली, दार ओढलं. चौघेही माझ्याकडे घरात चोर शिरावा तसे बघत होते. भिंगरी पलंगावर बसली होती, हातात पेला. म्हणाली, "बाबा, का? मला बरं वाटतंय ना!" मी नुसतं म्हटलं, "एकाएकी थांबलं?" आणि गुरांच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनाही त्या आनंदात सुचलं नव्हतं. त्यांनी तिला उचललं आणि पळत सुटले. गाडीतही ती माझ्याशी भांडत होती. मग हळूहळू गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मी देवाला हाक मारली, ही गोष्ट मंडळात कुणाला सांगू नकोस.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वाचली, पण काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. तुझ्या भावाला फोनवर मी फक्त "ऑपरेशन झालं, ठीक आहे" एवढंच सांगितलं. तू निघालीस म्हणून कळलं. हे पत्र मी तुझ्या हातात देणार, तू आत तिच्याकडे जायच्या आधी. समोर उभा राहून बोलायला लागलो की माझं भाषण होतं, असं तूच म्हणतेस.

तर भाषण न करता सांगतो. ती हसली तेव्हाच ते फुटलेलं होतं. ती पत्र्यापलीकडे, मी पत्र्याला कान लावून. "दुखायचं थांबलं का गं?" एवढं ओरडून विचारलं असतं तरी पुरलं असतं. सर्जननी बजावलेलं मला तोंडपाठ होतं, वर तुला लिहिलंयही. तरी मी आनंदाने पाणी प्यायलो, तुला दुर्बिणीची गोष्ट लिहीत बसलो, आणि तिच्या पोटात विष पसरत होतं. निरोप यायची वाट बघत होतो. सकाळी सर्जननी सांगितलं तेव्हाच आणायला हवी होती. आणली नाही, कारण टाळ्या आठवत होत्या. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड, मी मान खाली घालून ऐकेन.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "बाकीचे बाहेर आले?" मी "हो" म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, मी पुन्हा जाणार. पुढच्या वेळी बाहेर तुम्ही बसू नका." मी म्हटलं, "बरं."  "आईला बसवा," म्हणाली. "आईला एकदा सांगितलं, उघडू नकोस, की ती नाही उघडणार. आई दिलेला शब्द मोडत नाही."

तिच्या मते मी दार उघडायलाच नको होतं. तुझ्या मते ते मुळात लावायला नको होतं. माणसाने मंगळावर जावं, हे मी आजही म्हणतो, उद्याही म्हणेन. भिंगरीने जाऊ नये, हेही मीच म्हणतोय. यातलं काय खरं, हे आज मला विचारू नकोस. खरोखर तिथे असती तर ती आज वाचली नसती, एवढंच मला कळतंय.

ती जागी आहे. तुझा हात धरेल आणि पुढच्या वेळी दार न उघडण्याचा शब्द मागेल. मला तिला नाही म्हणता येत नाही. माझ्याच तोंडची वाक्यं ती मला ऐकवते. तू आत जा, तिच्या केसांवरून हात फिरव, तिला हवं तेवढं रडू दे. पण मास्तरीणबाई, पाया पडतो, तिला शब्द देऊ नकोस.

तुझा,
फार घाबरलेला