लखमाचा अंगठा, दुसऱ्याची वाक्यं

सिल्वासा, गुरुवार, फेब्रुवारी १९६६

लखमाचा कबुलीजबाब कोर्टाने पुराव्यात घेतला. त्याच्या वकिलांनीच संध्याकाळी सांगितलं. मुकादमाच्या खुनाचा आरोप आहे, फाशी होऊ शकते. सुरंगी गावचा हा लाकूडतोड्या फक्त वारली बोलतो. जबाब मात्र कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने मराठीत लिहिलेला, खाली लखमाचा अंगठा. "रागाच्या भरात माझ्या हातून हे कृत्य घडले." हेच वाक्य त्याच अर्जनवीसाने लिहिलेल्या आणखी तीन जबाबांत आज वाचलं. माणसं वेगळी, गुन्हे वेगळे.

अर्जनवीसाला विचारलं, तर हसला. "साहेब, ही माणसं कुठूनही सुरू करतात. मी नीट करून देतो. तुम्ही पेपरात काय करता?"

गेल्याच आठवड्यात खेरडी गावच्या एका बाईचा आक्रोश मी बातमीत दोन स्वच्छ ओळींत बसवला, अवतरणचिन्हांसकट.

"कृत्य घडले." लखमाने हे शब्द कधी ऐकले तरी असतील का?

वकील म्हणाले, "साक्ष द्या, भाऊ. चार जबाबांत एकच वाक्य आहे, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? पण सरकारी वकील सोडणार नाही."

उद्या अकरा वाजता साक्ष. पहिला प्रश्न माझ्या बातम्यांवरच येईल, लोकांचे शब्द तुम्हीही बदलता ना, आणि लखमादेखत मला हो म्हणावं लागेल.