पेजेचा चमचा

लष्कर, ग्वाल्हेर
शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९५६, संध्याकाळ

क्षय कुणाला आहे ते बघायला आमच्या कॅन्सरच्या वॉर्डात सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले होते, रोग्यांचे आणि आम्हा नर्सांचेही. आज ते आले. फक्त माझा पुन्हा काढायचा म्हणे. एक्स-रेवाला म्हणाला, "हिल गई होंगी, सिस्टर. कल फिर आ जाना." मी हलले नव्हते. श्वाससुद्धा रोखून धरला होता.

नव्या राज्यासाठी सरकारी नोकरांच्या याद्या भोपाळला जाताहेत. क्षयवालीचं नाव त्यात कोण ठेवील? पण खरी भीती ती नाही. तो चमचा डोळ्यांपुढून हलत नाही. तोंडात जखमा असलेल्यांना पेज भरवताना मी प्रत्येक चमचा आधी माझ्या ओठांना लावून बघते, त्यांना भाजू नये म्हणून. आई आम्हाला तसंच भरवायची. किती महिने करतेय मी हे? आणि हा खोकला कधीपासूनचा?

आज तोंडाचा कॅन्सर असलेल्या सरूकाकूंना भरवताना चमचा ओठांना लावला नाही. फुंकर घालायचाही धीर झाला नाही. वाटी हाताला कोमट लागली, तेवढ्यावरच भरवलं. पेज आतून कढत होती. काकू ओरडल्या नाहीत, नुसतं डोळ्यांतून पाणी आलं.

मग माझा हात धरून अडखळत म्हणाल्या, "पोरी, उद्या आधीसारखा तुझ्या ओठांना लावून दे हो."

मी तोंडावर पदर धरला आणि हो म्हटलं.