माझं जाजम, माझी सभा

३ बहमन १३४७ फसली. केज.
आज ओसरीवर रयत सुधार सभेच्या केज शाखेची बैठक. माझ्यासकट नऊ मेंबर, सगळे माझ्या जाजमावर. एवढं मोठं जाजम अख्ख्या केजात दुसऱ्या कुणाकडं न्हाई, म्हणून सदर, म्हणजे अध्यक्ष, मीच. महिनाअखेर हैदराबादहून मोठ्या कमिटीचे भगवानराव येणार, शाखेचा सदर पक्का करून जाणार. माझं नाव झाल्यातच जमा.
सेक्रेटरी राधाकिशन म्हणला, सदर मतानं निवडू. शिसारी आली. बसायचं माझ्या जाजमावर, अन् तोंड वर करून हे?
मराठी शाळेचा अर्ज राहून गेला. पुढल्या खेपेला.

७ बहमन.
संकल्प: रागवायचं न्हाई.
राधाकिशनला जाजमावरनं उठवलं. रागानं न्हाई, शिस्त म्हणून. त्याच्यामागं चौघं उठले. घाण गेली! शाखा आता शुद्ध. जाताना म्हणतो कसा, सुंदरराव, ते जाजम डोक्यावर घेऊन हिंडा आता. काय ही भाषा! थू.
अर्ज राहिला.

१२ बहमन. सकाळ.
राधाकिशननं मारुतीच्या पारावर दुसरी शाखा काढली. गोणपाटावर बसतात म्हणे. लई हसलो. दुपारी जेवण गेलं न्हाई, ते पित्तामुळं.

त्याच दिवशी, दिवस मावळताना.
तहसिलात सांगून आलो, पारावर विनाइजाजत सभा भरते. चुगली न्हाई, कायदा हाय. तर शिपाई आधी माझ्याच दारात. म्हणलो, छे छे, आमच्याकडं सत्यनारायण असतो. मग प्रसाद द्या म्हणला. बायकोनं, सत्यभामेनं, चरफडत शिरा केला. मेल्यानं दोनदा घेतला. किती हावरट असावं माणसानं!

१८ बहमन.
आज बंकट धनगर बोलला. हा कधी बोलत न्हाई, म्हणून तर ठेवला होता. म्हणला, मालक, कावून भांडता? सरकारी कागद आला की उर्दूवाला हुडकत दिवस जातो माझा. पोरांना तरी शाळा व्हऊ द्या.
मी म्हणलो, तू मेंढरं बघ. तो उठला. उरलेले दोघंबी त्याच्यामागं. बेइमान सगळे! वीट आला ह्या जातीच्या माणसांचा, म्हणजे मेंबर जातीच्या.
जाजम ऐसपैस झालं. ठराव केला: सदर सुंदरराव. विरोध कुणाचाच न्हाई.

२५ बहमन.
भगवानराव उद्या. भाषण पाठ. सत्यभामेला जाजम झटकून ठेवायला सांगितलं. ती हसली. कावून, कळलं न्हाई.

२६ बहमन.
भगवानराव आलेच न्हाईत. म्हणजे केजात आले, पण थेट बंकटच्या वाडग्यावर, मेंढरांत. राधाकिशनची टोळीबी तिथंच. म्हणलो, लेंड्यांत बसवतात काय पाव्हण्याला! जाजम घेऊन जावं, सगळे आपोआप माझ्याकडं येतील. कोपऱ्यात बघतो तर जाजम न्हाई.
वाडग्यावर गेलो. माझ्या जाजमावर अख्खी शाखा. मधी भगवानराव. कडेला बायकांत सत्यभामा! म्हणली, बसायसाठीच असतं ते. मी दिलं.
सदर बंकट. हात वर करून झालंबी होतं. शाळेचा अर्ज घडीभरात लिहून झाला. बंकट म्हणला, मालक, या, बसा. जागा चपलांजवळ होती. मी म्हणलो, सही करीन तर सदर म्हणून. मेंबर म्हणून केली. सगळ्यांत खाली.
माणसं उठून गेली. जाजमाला हात लावायला एक जण थांबला न्हाई. गुंडाळलं. काखेत मावेना, तेव्हा डोक्यावर घेतलं. सत्यभामा पुढं, मी मागं.
पारापाशी राधाकिशन उभा होता. वाटलं, आता बोलतो. बोलला न्हाई. नुसती सरकून वाट दिली.