डबे आले, परवाना नाही

रत्नागिरी, ता. ३ एप्रिल १९२७, रवि. पाडवा.

दोन गुढ्या. एक घरी, एक मिरजोळ्याच्या रस्त्यावर नव्या कोठीच्या दारात. कोठी म्हणजे जांभ्याच्या चार भिंती, वर पत्रा, लाकडाचा तुकडा नाही. नियमच तसा. आत पेट्रोलचे डबे राहायचे आहेत, तूर्त एक पाल राहते. नारळ फोडला, साखर वाटली. अब्दुल मोटारवाला सकाळीच हजर. राजापूरच्या रस्त्यावर गाडी चालवतो. म्हणाला, "आप्पानू, पावसात डबा मिळेल तं तुमच्याकडं. नायतर गाडी झाकून घरी बसायचं."

परवान्याचा अर्ज माघातच दिलाय. अजून पत्ता नाही. पण पाडव्याचा मुहूर्त कोण सोडतो? आधी मुहूर्त, मग परवाना. हे बरं की वाईट, सौ.ला विचारलं नाही. ती खरं सांगते.

ता. ११, सोम.

कलेक्टर कचेरीत गेलो. हेडक्लार्क पेठे. परवाना नाही, आणि कारण मीच!

कोठी राहत्या घरापासून ठरावीक अंतरावर हवी. शेजारी एक गोठा आहे. गोठा हे राहतं घर धरायचं की कसं, हे मी अर्जाखाली लेखी विचारलं होतं. सोळा वर्षं आगबोटीच्या एजंटाकडे कारकुनी केलेला माणूस, विचारल्याशिवाय हात पुढे जात नाही. पेठ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आप्पा, विचारलंत कशाला? विचारलं नसतंत तर इथेच सही झाली असती. आता प्रश्न बेळगावला कमिशनरसाहेबांकडे गेला."

उत्तर कधी येईल?

"येईल तेव्हा येईल."

राजीनामा देऊन बसलोय. ३० तारखेला नोकरी संपते.

ता. २४, रवि.

बंदरावर धोंडू तांडेल भेटला. त्याची फत्तेमारी मुंबईला निघालीय, मोसमातली शेवटची खेप. परत आला की होडी वर काढून पावसाळ्यासाठी शाकारणार. "सामान हवं तं आता सांगा, आप्पानू. दर्या काय बेळगावास इचारून खवळत नाय."

म्हणजे आता आणले तर डबे, नाहीतर नारळी पौर्णिमेपर्यंत काही नाही. तोवर ना पगार, ना माल, आणि अब्दुल तरी कुठवर थांबेल? परवान्याशिवाय साठा केला तर दंड, नाहीतर तुरुंग. दोन दिवसांत कळवतो म्हटलं. घरी येऊन दोनदा जेवायला बसलो नि दोनदा उठलो.

ता. २६, मंगळ.

धोंडूला हो म्हटलं. वीस खोकी. त्याने काही विचारलं नाही, तंबाखू मळत राहिला. मी उगाच सांगत बसलो की परवाना तोवर येईलच.

ता. ३०, शनि.

कचेरीतला, म्हणजे आमच्या बोटीच्या कचेरीतला, शेवटचा दिवस. हार, श्रीफळ. जोग म्हणाला, "आप्पा, रत्नागिरीचा माणूस मुंबईस चाकरीला का जातो, ठाऊक आहे? चाकरीला परवाना लागत नाही." सगळे हसले, मीही.

सोळा वर्षं इथे उतारूंच्या वळकट्या सोडून रॉकेलच्या बाटल्या काढल्या. ज्वालाग्राही माल बोटीवर नेत नाहीत. लोक मुलाबाळांची शपथ घ्यायचे, काही नाही हो साहेब. मी म्हणायचो, काय ही माणसं! आज परत जागा मिळेल का विचारावं असं मनात आलं होतं. माझ्या खुर्चीत नवा इसम बसलेला होता.

ता. १४ मे, शनि.

आले. डबे आले, परवाना नाही.

कोठीत ठेवता येत नाहीत. तिचा नकाशा तीन प्रतींत कचेरीत आहे, तपासायला आले तर आधी तिथेच येतील. मग घरी. माजघराशेजारच्या खोलीत, भाताच्या पेंढ्याखाली. पेंढ्याखाली! पण उघड्यावर ठेवले तर आळी बघेल.

यापुढे इथे 'डबे' लिहायचं नाही. 'पाहुणे' लिहायचं. कोणी वही उघडली तर.

सौ. दारात उभी राहून सगळं बघत होती. चूल विझवली. निखाऱ्यांवर स्वतः पाणी ओतलं. मग देवघरातली समई उचलून बाहेर नेऊन ठेवली.

ता. १५, रवि.

स्वयंपाक मागच्या परसात, आंब्याखाली तीन दगडांवर. देवापुढे दिवा नाही, नुसतं फूल. मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सौ. म्हणाली, "मी काय म्हणत्ये, सरकारची परवानगी राहू दे. माझी घेतलीत?"

आमची कमळ पाच वर्षांची, तिला घेऊन माहेरी जा म्हटलं. "आणि तुम्ही एकटे इथे विड्या ओढत बसा," म्हणाली. विडी त्याच क्षणी सोडली. भीतीने का होईना.

ता. १७, मंगळ.

पाहुण्यांपैकी एक पाझरतो. डब्याच्या—पाहुण्याच्या कडेला ओल. साबण चेपून भेग बुजवली. हाताचा वास जात नाही.

शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "कसला हो वास?" म्हटलं, ढेकूण फार झालेत, रॉकेल मारलं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या तिघी वाटी घेऊन दारात, आम्हालाही द्या थोडं. कपाळ माझं! संपलं म्हणून सांगितलं. एकीच्या हातात कंदील होता, पेटलेला. तिला पायरीवरूनच परत पाठवलं, उद्धटपणे. वाईट वाटलं.

ता. २०, शुक्र.

शिपाई आला. पट्टा बघून मी मागच्या दाराने विहिरीपर्यंत पळालो, खोटं कशाला लिहू. सौ.ने कागद घेतला.

बेळगावचं उत्तर. गोठा हे राहतं घर नव्हे. परवाना मंजूर!

खाली आणखी चार ओळी. सोमवारी अकराला कचेरीत हजर व्हावं, नंतर कोठीची पाहणी. आणि अर्जदाराने प्रतिज्ञेवर लिहून द्यावं की आजतागायत परवान्याशिवाय पेट्रोलचा कोणताही साठा केलेला नाही.

तीनदा वाचलं. सौ.लाही वाचून दाखवलं. ती खाली बसली.

ता. २२, रवि.

परत पाठवायचे? धोंडूची होडी शाकारून झाली. खाडीत ओतायचे? कोळी मारतील, नि मारावंच. अब्दुल म्हणतो, "मना द्या सगळे, आजच नेतंय." म्हणजे साठ्यावर विक्रीचाही गुन्हा, शिवाय तो गरीब अडकायचा. पेठ्यांना खरं सांगायचं? परवाना जाईल, माल जप्त होईल, घरी चुलीप्रमाणे सगळंच विझेल. खोटी प्रतिज्ञा करायची? पुढे उघडकीला आली तर तुरुंग. धंदा म्हणजे धाडस, असं लोक म्हणतात. हे धाडस नव्हे. विचारल्यावर भोगावं लागलं म्हणून एकदा न विचारता केलं, एवढंच.

वळकटी सोडताना उतारू माझ्याकडे बघायचे, ते डोळे दिवसभर आठवतायत. त्यांतला एकही मला तेव्हा घाबरलेला दिसला नव्हता. लबाडच दिसले.

ता. २३, सोम. सकाळ.

सौ.ने परसात पाणी तापवलं. म्हणाली, "काय लिहून द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण डोक्यावरून न्हा. लांबून वास येतोय." शिकेकाई, मग चुलीतली राख, मग लिंबू. तळवे सोलून निघाले. धुतलेलं धोतर, कोट, पगडी.

मला स्वतःला काही कळेना, नाक मेलंय. कमळला हाक मारली. हात पुढे केला, हुंग म्हटलं. तिने हुंगला. सौ. दारात उभी.

"आप्पा," कमळ म्हणाली, "अब्दुलचाचाच्या मोटारीचा."

दहा वाजले. निघायला हवं.